‘लिजन’ला काय म्हणायचं : जखम, वण, घट्टा की डाग?

प्रश्न : मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये एमआरआय काय दाखवतो, यावरचा लेख मराठीत लिहितेय. ‘लिजन’, म्हणजे आजाराने बिघडलेली जागा, हा शब्द पावलोपावली येतो. ‘विक्षती’ लिहिलं तर वाचक तिथेच थांबेल. ‘जखम’ चालेल का?

प्रतिसाद १ : जखम नको. जखम म्हटलं की मार आणि रक्त आलं. इथे शरीराचीच प्रतिकारयंत्रणा मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण खरवडते. ‘मेंदूत नऊ जखमा’ वाचून रुग्णाची झोप उडेल. ‘वण’ लिहा.

प्रतिसाद २ : घट्टा का नको? ग्रीक ‘स्क्लेरॉस’ म्हणजे कठीण. फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराला ‘स्क्लेरोज आं प्लाक’ म्हटलं, म्हणजे निबर झालेले चट्टे. हाताला पडतात तसे घट्टेच की.

प्रतिसाद ३ : शार्कोंपुढे शवविच्छेदनातला मेंदू होता, त्यांना घट्टा शोभला असता. एमआरआयला निबरपणा कळत नाही. तो मुख्यतः पाण्यातल्या हायड्रोजनचे संकेत टिपतो. मायलिन गेलं, सूज आली की तिथलं पाणी वाढतं आणि ‘टी-टू’ प्रकारच्या एमआरआय प्रतिमेत ती जागा पांढरी उमटते. ‘फ्लेअर’ या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिमेत मेंदूच्या पोकळ्यांतला द्रव काळा पडतो, म्हणून काठावरचे ठिपके उठून दिसतात. बाजूने घेतलेल्या छेदात तर ते पोकळीवर उभ्या बोटांसारखे दिसतात. छोट्या शिरांच्या कडेने वाढतात ना, त्यामुळे. त्यांना ‘डॉसन फिंगर्स’ म्हणतात.

‘वण’ही अडतो. वण उरतो तो भरून आल्यावर. पांढरा ठिपका ताजा की जुना, हे नुसत्या टी-टूवरून सहसा ठरत नाही. शिरेतून गॅडोलिनियम हे प्रतिमा उजळवणारं द्रव्य दिलं की जिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ढिला झालाय तिथे ते झिरपतं आणि ती जागा ‘टी-वन’ या तिसऱ्या प्रकारच्या प्रतिमेत उजळते. असं काही आठवडेच चालतं. उजळणाऱ्या ताज्या सुजेला वण कसं म्हणणार?

म्हणून माझं मत ‘डाग’. चारित्र्यावरही डाग लागतो, मान्य, पण हा शब्द दिसलं तेवढंच सांगतो, कारण सांगत नाही. तेच हवं. असे पांढरे डाग मायग्रेनमध्ये, रक्तदाबात, नुसत्या वयानेही दिसतात. पेशीजालाबद्दल लिहाल तिथे मात्र ‘चट्टा’.

प्रश्नकर्ती : पटलं. ‘ब्लॅक होल’ला मी कृष्णविवर लिहून बसलेय!

प्रतिसाद ३ : खगोलशास्त्र आवरा! टी-वनवर कायम काळी राहिलेली जागा ती; मायलिनबरोबर आतला तंतूही गेल्याची खूण. ‘काळा खळगा’ म्हणा.

प्रतिसाद १ : आणि ‘डिसेमिनेशन इन टाइम’?

प्रश्नकर्ती : ‘कालिक प्रसार’ केलंय.

प्रतिसाद ३ : प्रसार साथीचा होतो. या आजाराच्या निदानासाठीच्या २००१ च्या मॅकडोनाल्ड निकषांपासून एमआरआयकडून दोन गोष्टींचा पुरावा घेतला जाऊ लागला : डाग एकाहून जास्त ठरावीक जागी आहेत, आणि ते एकाच वेळी आलेले नाहीत. पुढच्या सुधारणांत एकाच तपासणीत काही उजळणारे, काही न उजळणारे दिसले तरी दुसरी गोष्ट मान्य होते. मी ‘जागोजागी’ आणि ‘वेगवेगळ्या वेळी’ एवढंच लिहिलं असतं.