पोटातील सेरोटोनिन मेंदूपर्यंत पोहोचते का?

प्रश्न:
नमस्कार. शरीरातील सुमारे ९०% सेरोटोनिन (पेशींमध्ये संदेश पोहोचवणारे रसायन) आतड्यात असते, आणि केळ्यातही ते असल्याने रोज केळे खाल्ल्यास मन प्रसन्न राहते, असे एका लेखात वाचले. माझ्या आईला नैराश्यावरची फ्लुओक्सेटिन ही गोळी सुरू आहे आणि नातेवाईक आता "गोळ्या कशाला, आहार सुधारा" असे म्हणू लागले आहेत. पोटातले सेरोटोनिन खरोखर मेंदूत जाते का? आणि ते मेंदूत असते हे मुळात कोणी शोधले?

प्रतिसाद १:
जात नाही. रक्तातून मेंदूत काय शिरू द्यायचे हे ठरवणारा जो अडथळा मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंतींमध्ये असतो, तो सेरोटोनिनला आत सोडत नाही, त्यामुळे मेंदू आपले सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून स्वतः बनवतो. बर्लिनमधील संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की, आतड्यात ते बनवणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या रक्तात सेरोटोनिन जवळजवळ उरत नाही, पण मेंदूतील प्रमाण तसेच राहते, कारण तिथे दुसरे विकर काम करते. केळ्यातील सेरोटोनिनचे विघटन होऊन ते लघवीवाटे बाहेर पडते. म्हणूनच आतड्यातील सेरोटोनिन बनवणाऱ्या विशिष्ट गाठींच्या निदानासाठी २४ तासांची लघवी तपासायची असेल, तर आधी काही दिवस केळी खाऊ नका असे सांगतात.

प्रतिसाद २:
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे संशोधक बेट्टी ट्वॅरॉग, आणि त्यांचे नाव इतके कमी घेतले जाते याचे मला मनापासून वाईट वाटते. इटलीत एर्स्पामेर यांना १९३० च्या दशकात हे द्रव्य आतड्यात सापडले होते, तर क्लीव्हलँडमध्ये रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी १९४८ मध्ये रक्तवाहिन्या आकुंचित करणारा घटक शोधताना तेच गुरांच्या रक्तातून वेगळे केले. दोन्हींकडे मेंदूचा विषय नव्हता. ट्वॅरॉग हार्वर्डमध्ये खडकाला चिकटून राहणाऱ्या शिंपल्याच्या स्नायूवर काम करत होत्या. हा स्नायू एकदा आवळला की तसाच धरून राहतो, आणि त्याला सैल करणारे द्रव्य सेरोटोनिन आहे हे त्यांनी ओळखले. बिनकण्याच्या प्राण्याच्या चेताव्यवस्थेत जे संदेश पोहोचवते, ते सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही असले पाहिजे, असा विचार करून त्या पेज यांच्याकडे गेल्या. पेज यांना ते फारसे पटले नव्हते, तरीही त्यांनी प्रयोगशाळा दिली. मोजमापासाठी ट्वॅरॉग यांनी दुसऱ्या एका शिंपल्याचे हृदय वापरले, कारण सेरोटोनिनच्या अगदी सूक्ष्म मात्रेनेही त्याचे ठोके जोरदार होतात. मेंदूच्या अर्कानेही तेच घडले, आणि १९५३ मध्ये तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एका शिंपल्यावरून इतके दूरचे अनुमान काढण्याचे धाडस मला फार मोठे वाटते.

प्रतिसाद ३:
आईच्या गोळ्यांबद्दल एवढेच सांगतो की, त्या सेरोटोनिन बाहेरून पुरवत नाहीत, तर चेतापेशींनी सोडलेले सेरोटोनिन परत शोषले जाणे रोखतात. नैराश्य म्हणजे केवळ सेरोटोनिनची कमतरता, हे समीकरण आता पुरेसे मानले जात नाही; तरीही अनेक रुग्णांना या गोळ्यांचा उपयोग होतो, आणि त्या अचानक बंद केल्यास चक्कर, अस्वस्थता असे त्रास होऊ शकतात. रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या बिंबिका (प्लेटलेट्स) सेरोटोनिन याच शोषणाच्या मार्गाने साठवत असल्याने त्यांच्यावरही परिणाम होतो. म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन सोबत चालू असेल, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे डॉक्टरांच्या कानावर जरूर घाला.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे आभार. आई गुडघेदुखीसाठी अधूनमधून आयबुप्रोफेन घेते आणि ते आम्ही मानसोपचारतज्ज्ञांना कधीच सांगितलेले नाही. उद्याच फोन करते.