भोपाळच्या मानव संग्रहालयात सहावीची सहल: मुलांना काम काय द्यावं?

सहावी_ब_इंदूर: जानेवारीत साठ मुलं घेऊन भोपाळला मानव संग्रहालयात जायचंय. आमच्या शाळेच्या मागच्या सहलीत मुलं तिथल्या आदिवासी झोपड्यांसमोर फोटो काढून बसमध्ये येऊन बसली. भाची डेन्मार्कला असते. तिच्या शाळेची सहल वायकिंगांच्या (तिकडचे जुने दर्यावर्दी लोक) शेतघरात गेली, तिथे मुलं जुने अंगरखे घालून रोट्या भाजत होती. तसं इथे जमेल का? आदिवासी पोशाख भाड्याने मिळतात, ते घ्यावेत म्हणतेय.

रामबागची_आजी: पोशाख नको गं. मी चौथीला शिकवून रिटायर झाले, हल्ली लेकीकडे डेन्मार्कला असते. नातीच्या वर्गाबरोबर होब्रोजवळच्या फ्युरकाटला गेले होते. सन 980 च्या सुमाराचा, हाराल्ड ब्लूटूथ राजाच्या काळातला गोल किल्ला आहे तो (हो, मोबाइलमधलं ब्लूटूथ ह्याच्याच नावाचं). 2023 मध्ये जागतिक वारसा यादीत आला. शेतघर जवळच नव्याने बांधलंय.

आत मधोमध लांब चूल, धूर छपरातून जाणार, म्हणजे अर्धा डोळ्यांत. एका गटाला दिवसभर एकच काम. नातीच्या गटाकडे जातं होतं, आणि सगळ्यांचं जेवण त्या पिठावर! दळण अडलं तर चूलवाले येऊन भांडायचे. माहिती सांगायला कुणी मागे फिरत नव्हतं. अशा घरांचे खांब कुजून मातीत नुसते काळे डाग उरलेले असतात. त्यांवरून लांबी-रुंदी कळते, वरचं छप्पर अंदाजाने. हे मुलांना स्पष्ट सांगतात, आणि मग विचारतात, तुम्ही कसं शाकारलं असतं?

भोपाळला अंदाजाचं काम नाही, तिथली घरं त्या-त्या समाजाच्या लोकांनीच येऊन बांधलीत. तू मापं घ्यायला सुतळी घेऊन जा. एका गटाला एकच घर दे. खांब मोजा, आढं कशाने बांधलंय बघा, धान्य कुठे, गुरं कुठे, धूर कुठून जातो, ते कागदावर काढा. वायकिंग होऊन हजार वर्षं झाली, त्यांचं सोंग घेतलं तर कुणाला लागत नाही. भिल्लांची पोरं तुझ्याच वर्गात असतील.

मुरार_वाले: जातं-चूल बघायला भोपाळ? भिया, आजोळी पाठवा.

रामबागची_आजी: साठातल्या किती जणांच्या आजोळी जातं उरलंय, विचारून बघा. आज्यासुद्धा आटा चक्कीवरूनच आणतात.

मांडवी_बडोदा: आजींना दुजोरा. तिथलं राठवांचं घरही दाखवा. आमच्या छोटा उदेपूरकडचे हे लोक. भिंतीवरचं पिठोरा चित्र ते नवस फेडायला काढतात, त्याला बडवा म्हणजे त्यांचा पुजारी लागतो, चित्रात घोडे लागतात. परत येऊन शाळेच्या भिंतीवर हौसेने रंगवू नका. आणि सोमवारी संग्रहालय बंद असतं.

सहावी_ब_इंदूर: पोशाख रद्द. सुतळी घेते. पण दळणाचं डोक्यातून जात नाही. बसमध्ये नेता येईल असं हलकं जातं कुणाकडे आहे का?

रामबागची_आजी: हलकं जातं दळेल काय, कपाळ! पाटा-वरवंटा ने, चटणी वाटायला लाव. आणि मिरच्या तुझ्या ताब्यात ठेव.