एका कॉफीवर दोन तास

"फास्ट-फूडच्या दुकानांत गिऱ्हाईक फार वेळ बसू नये म्हणून खुर्च्या मुद्दाम टोचणाऱ्या ठेवतात, मग अड्डा कसला जमणार?" असं कुणी म्हणतं, पण मला हा मुद्दा अर्धाच पटला. खुर्च्या तशा असतात खऱ्या, पण म्हातारी मंडळी त्यांना पुरून उरतात. न्यूयॉर्कमधल्या फ्लशिंग भागातल्या मॅकडोनाल्ड्समध्ये कोरियन आजी-आजोबा एका कॉफीवर तासन्‌तास बसायचे. २० मिनिटांत उठा अशी पाटी होती, पोलिसही बोलावले गेले. मंडळी बाहेर चक्कर मारून पुन्हा हजर! २०१४ साली शेवटी तिथल्या लोकप्रतिनिधीला मध्यस्थी करावी लागली. ज्येष्ठांसाठी वेगळी केंद्रं असतात की, पण तिथे नाव नोंदवा, कार्यक्रमाला बसा. मॅकडोनाल्ड्समध्ये नाव-गाव कुणी विचारत नाही, आणि कोपऱ्यातलं टेबल ठरलेलं. आता मालकाने हे किती सोसावं? गर्दीच्या वेळी तरी टेबल सोडावं, एवढं माझं मत.