अडतं ते इंग्रजीपाशी नाही

‘इंग्रजी कच्चं म्हणून केनियातली मुलं ऑनलाइन वर्गातून गळतात’ असं कुणीतरी म्हटलं, ते मला अर्धंच पटलं. नाशिकच्या गंगापूर रोडच्या घरात बसून मी केनियातल्या मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, तिथे संध्याकाळचे सहा. मुलं गळतात ती डेटा पॅक संपला की. म्हणून व्हिडिओ सोडून दहा-बारा ओळींच्या कोडचा धडा व्हॉट्सॲपवर पाठवायला लागलो.

तर पहिल्याच दिवशी सगळ्यांना एरर! माझ्या फोनच्या कीबोर्डने कोडमधली सरळ अवतरणचिन्हं परस्पर वळणदार केली होती, आणि पायथनला ती अजिबात चालत नाहीत. तासभर मी बिचाऱ्या पोरांच्याच चुका शोधत बसलो. आता कीबोर्डची ती सेटिंग बंद ठेवतो, किंवा सरळ पायथन कोडची .पीवाय (.py) फाइलच पाठवतो. जेमतेम एक केबी भरते.