तान्ह्या बाळाच्या नाकावरची जन्मजात गाठ: सुई की आधी एमआरआय?

प्रश्न (म्हापसा, बालरोग)
बाळ तीन आठवड्यांचं. नाकाच्या मुळाशी, किंचित डावीकडे, वाटाण्याएवढी लालसर गाठ, जन्मापासूनच आहे. हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ) धरून थांबू की सुईने नमुना घेऊ? मेंदूची ऊती असेल, तर ती नाकात पोचते कशी?

उत्तर (बालशल्य, बांबोळी)
एमआरआयआधी सुई नको म्हणजे नकोच. गाठ मेंदूच्या आवरणाला जोडलेली असली तर मेंदूजल गळतं, मागोमाग मेंदूज्वर. हिमँजिओमा सहसा जन्मानंतर काही आठवड्यांत उमटून वाढतो, त्यामुळे जन्मापासूनची गाठ संशयास्पदच. बाळ रडताना बोट अलगद ठेवा. मऊ लागली, फुगली, टॉर्चने उजळली तर एन्सेफॅलोसील (कवटीच्या फटीतून बाहेर आलेलं मेंदूचं आवरण, कधी मेंदूही). घट्ट, न दबणारी असेल तर ग्लिअल हेटरोटोपिया (मेंदूच्या आधार-ऊतीचा भलत्या जागी अडकलेला तुकडा). त्याला अजून ‘नेझल ग्लायोमा’ म्हणतात, ते नाव सोडून द्या. आईबापांना कॅन्सर ऐकू येतो, आणि हा कॅन्सर नव्हेच. फुगली नाही म्हणून जोड नाही असं मात्र धरू नका, 15 ते 20 टक्के गाठींना मेंदूकडे जाणारा तंतुमय देठ असतो. देठ मागे राहिला तर गाठ परत येऊ शकते. आणि एवढ्या लहान बाळाच्या नाकात ‘पॉलिप’ दिसला तरी हाच नियम. त्या बाजूने नळीसुद्धा घालू नका.

उत्तर (रेडिओलॉजी, मडगाव)
एमआरआयच्या चिठ्ठीवर नुसतं ‘मेंदू’ लिहू नका. ‘नाक आणि कवटीचा पुढचा तळ, पातळ काप’ असं लिहा. एकटा सीटी फसवतो: या वयात एथमॉइडची (नाक आणि मेंदूमधल्या हाडाची) चाळणी कूर्चेचीच असते, फिल्मवर भोक दिसतं आणि नसलेला दोष रिपोर्टात येतो. भूल बहुधा टळते. दूध थोडं लांबवा, स्कॅनच्या तोंडावर पोटभर पाजा, दुपट्यात घट्ट गुंडाळा, कान झाका.

उत्तर (शरीररचना)
गर्भात न्यूरल ट्यूबचं (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात त्या नळीचं) पुढचं तोंड 25व्या दिवसाच्या सुमारास मिटतं. पुढे ड्यूराचं (मेंदूच्या बाहेरच्या आवरणाचं) बोटासारखं एक टोक फोरामेन सीकम या कवटीच्या तळातल्या छिद्रातून नाकाच्या त्वचेपर्यंत येतं आणि मागे सरकतं. वाट उघडी राहिली तर एन्सेफॅलोसील. तुकडा बाहेर अडकून वाट मिटली तर ग्लिअल गाठ. त्वचाच आत ओढली गेली तर डर्मॉइड (त्वचेच्या घटकांची गाठ), म्हणून मध्यरेषेवर खळगी किंवा केस शोधा. मला मोलाचं वाटतं ते सूक्ष्मदर्शकाखालचं: नाकाच्या त्वचेखाली, तंतूंच्या जाळ्यात अ‍ॅस्ट्रोसाइट (मेंदूच्या आधारपेशी), जीएफएपी या त्यांच्या खास प्रथिनाच्या चाचणीत तपकिरी रंगलेले. शेजार बदलला तरी पेशींनी ओळख सोडलेली नाही, म्हणजे ती त्याआधीच ठरली होती. मेंदूतला हेटरोटोपिया वेगळा: तिथे चेतापेशी व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या मेंदूजलाच्या पोकळीच्या) काठावरून निघाल्याच नाहीत, किंवा वाटेत थांबल्या.

प्रश्नकर्ती
रडताना फुगत नाही, उजळत नाही, खळगी नाही. सुई रद्द. बांबोळीची चिठ्ठी वरच्याच शब्दांत लिहिली. देव बरें करूं.