गायरानातल्या तीन गायी लागोपाठ गाभडल्या, वळू काढावा का?

डोंगरपट्टा_धारूर

राम राम मंडळी. घरी चार देवणी गायी अन् दोन कालवडी आहेत. गावची सत्तर-ऐंशी जनावरं एकच गुराखी राखतो. सकाळी आखरावर गोळा करतो, दिवसभर गायरानात अन् डोंगरात चारतो, दुपारी सगळी पाझर तलावावर पाणी पितात.

पोळ्यापासून तीन गायी गाभडल्या. पहिली शेजाऱ्याची, सातव्या महिन्यात. मग माझी दुसऱ्या वेताची, आठवा लागला होता. परवा अजून एक. माझ्या गाईची वार दोन दिवस पडली नाही, शेवटी मीच हात घालून काढली. गाय खातीपिती आहे, ताप नाही, अंगावर काही नाही. आई म्हणते दृष्ट लागली. गावात बैठक झाली, सगळे म्हणतात मोकळा सोडलेला वळूच खराब आहे, त्याला हाकला. एकजण तर लम्पीच्या लशीवर घसरला.

वळू काढला तर थांबेल का? अन् ही गाय बाजार दाखवावी का? दावणीला अजून दोन गाभण आहेत, सहावा चालू आहे. झोप लागत नाही.

गंगाखेडकर

वळूच काढा. आमच्याकडं काढला अन् गायी उलटायच्या, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर यायच्या, थांबल्या.

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक

गंगाखेडकर, तुमच्या गायी उलटत होत्या, यांच्या गाभडल्या. दोन्हींत फरक आहे. वळूकडून लागणारे रोग असतात, पण त्यात गाय बहुतेक वेळा लवकर गाभ टाकते, नाहीतर नुसती उलटत राहते. इथं सातवा-आठवा महिना आहे, एकीमागं एक आहे, वार अडकलेली आहे. मी पहिला संशय ब्रुसेलोसिसचा घेईन, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताचा. खात्री रक्त तपासल्यावरच होईल, नुसतं वाचून निदान करणाऱ्यांतला मी नाही.

लम्पीची लस सोडून द्या. 2022 साली जनावरं पटापट आजारी पडली तेव्हापासून गावात काहीही झालं की लशीवर बोट जातं.

या रोगाचे जंतू सगळ्यात जास्त असतात ते वारेत, मेलेल्या वासरात अन् गाभडल्यावर जे पाझरतं त्यात. दुसरी गाय येऊन हुंगते, चाटते, तिथलंच गवत खाते, झालं. उन्हात जंतू लवकर मरतात, पण ओलीत अन् सावलीत आठवडेच्या आठवडे टिकतात. म्हणून मला वळूपेक्षा हे सांगा: पहिल्या गाईचं मेलेलं वासरू कुठं टाकलं होतं?

लोक फसतात ते पुढच्या वर्षी. गाभडलेली गाय पुढच्या वेताला बहुतेक वेळा नीट विते. मालक म्हणतो बरी झाली. ती बरी झालेली नसते. व्यायच्या वेळी जंतू बाहेर टाकते, दुधातूनही टाकत राहते, अन् अख्ख्या खांडात तीच सगळ्यात धडधाकट दिसते. यावर जनावराला देण्यासारखा भरवशाचा इलाज नाही.

विकू नका. गोहत्याबंदीच्या कायद्यानं गाय कत्तलीला जात नाही, म्हणजे बाजारातून ती कुणाच्या तरी दावणीलाच जाणार. घरीच वेगळी बांधा, पाझर पुरता थांबेपर्यंत खांडात सोडू नका. दोन गाभण आहेत त्याही आता घरीच ठेवा, तिच्यापासून लांब. कडब्याचा खर्च वाढेल, माहीत आहे.

कालवडींचं वय काय? लस चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरालाच, जन्मात एकदा. गाभण गाईला नाही, वळूला नाही. 2019 पासून केंद्राच्या कार्यक्रमात ती फुकट आहे, लाळ्या-खुरकूताच्या लशीसोबतच. कानात बिल्ला असला की नोंद होते. दवाखान्यात जाऊन मागून घ्या, नाहीतर 1962 या जनावरांच्या हेल्पलाइन नंबरला फोन लावा.

अन् पुन्हा उघड्या हातानं वार काढू नका. या एका वाक्यासाठीच खरंतर लिहायला बसलो होतो.

कंधारची_सून

दादांचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. आमच्या मालकांनी लाल कंधारी गाईचं अडलेलं वासरू ओढून काढलं होतं. महिन्याभरानं ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, रात्री घामानं गोधडी ओली, सकाळी माणूस चांगला. कंबर अन् गुडघे धरले. टायफॉइड म्हणून झालं, मलेरिया म्हणून झालं, चार महिने गेले. शेवटी नांदेडला एका डॉक्टरांनी विचारलं, घरी गुरं आहेत का? तेवढं कुणी आधी विचारलंच नव्हतं. मग याच रोगाची, ब्रुसेलोसिसची, तपासणी झाली, दोन गोळ्या दीड महिना चालल्या. तेव्हापासून आमच्या घरी निरसं दूध बंद. सासऱ्यांना धारोष्ण लागायचं, अजून कुरकुरतात.

डोंगरपट्टा_धारूर

दादा, विचारलंत म्हणून सांगतो, लाज वाटते. पहिलं वासरू ओढ्यात टाकलं होतं, तलावाच्या वरच्या अंगाला. कुत्र्यांनी ओढत कुठं कुठं नेलं देव जाणे. माझ्या गाईची वार रीतीप्रमाणं फडक्यात बांधून वडाला टांगली. त्या वडाखालीच दुपारी सगळी गुरं रवंथ करत बसतात.

काल डॉक्टर येऊन चारही गायींचं रक्त घेऊन गेले. तिसऱ्या गाईचं वासरू खोल खड्ड्यात चुना टाकून पुरलं, सरपंचही उभे होते. वळू तूर्त आहे. एक कालवड सहा महिन्यांची, तिची लस ठरली. दुसरी वर्षाची झाली, तिची वेळ गेली.

ताई, तुमचं वाचल्यावर एक गोष्ट डोक्यात बसली. मी एकदा हात घातला, पण डोंगरात गाय व्याली किंवा गाभडली की सगळं आमचा गुराखीच करतो, वासरू खांद्यावर टाकून आणतो. दिवाळीपासून तो कंबर धरून चालतोय. आम्ही म्हणायचो, म्हातारा झाला. सोमवारी दोघंही अंबाजोगाईला रक्त द्यायला चाललो आहोत. त्या दिवशी खांड कोण राखणार, यावर गावात अजून भांडण चालू आहे.