‘किड’ हा शब्द औपचारिक इंग्रजीत चालतो का?

प्रश्न (रत्नागिरी): आमच्या वाडीतील बालवाडीच्या इंग्रजी माहितीपत्रकात मुलांसाठी सर्वत्र ‘किड्स’ छापायचे ठरले होते, परंतु हा शब्द मुळात शेळीच्या पिल्लाचा असल्याचे एका पालकाने सांगितल्यापासून वाद सुरू झाला आहे. तो खरोखर अपमानकारक आहे का?

उत्तर (मालवण): मुळीच नाही. ‘किड’ म्हणजे करडू हे खरे असून हा शब्द प्राचीन नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला, 16व्या शतकाच्या अखेरीस मुलांसाठी बोलीत वापरला जाऊ लागला आणि आज ‘माय किड इज सिक्स’ असे कोणीही सहज म्हणतो. आपल्याकडे मालवणीत झील (मुलगा) आणि चेडू (मुलगी) हे शब्द घरात गोड वाटतात, पण शाळेच्या दाखल्यावर ते कोणी लिहीत नाही. माहितीपत्रकात ‘चिल्ड्रन’च लिहावे.

उत्तर (गुहागर): सहमत आहे, मात्र स्नेहसंमेलनाच्या फलकावर ‘किड्स’ खुशाल राहू द्यावे. ‘टॉडलर’ मात्र जपून वापरावा, कारण तो नुकत्याच चालू लागलेल्या, साधारण 1 ते 3 वर्षांच्या मुलांसाठीच आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मजकूर छपाईला जाण्यापूर्वी बदलून घेतो.